मोठीच्या मापाचा

१

वर्षअखेरच्या सुट्टीत मास्तरांच्या घरी मुखवट्यांची पार्टी व्हायची म्हणजे व्हायचीच. घर काही फार मोठं नव्हतं. हॉल, स्वयंपाकघर, निजायच्या दोन खोल्या आणि मागे एक अंधारी खोली, तिला सगळे कारखाना म्हणत. पण माणसं हौशी. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि त्यांची बायको एका नाटक कंपनीसाठी कागदाचं सामान करून द्यायची. मुकुट, खोटी फळं, खलनायकाचं कापलेलं मुंडकं आणि मुखवटे. तिला आपण आई म्हणू, त्या घरात तिला तीच हाक होती. मुली दोन. त्यांची खरी नावं शाळेच्या दाखल्यावर असतील तेवढीच, घरात एक मोठी आणि एक धाकटी.

आईचे मुखवटे बाजारातल्यासारखे नसत. घरच्या आणि रोजच्या येण्याजाण्यातल्या प्रत्येकाचा चेहरा तिनं कधीतरी प्लास्टरमध्ये उतरवून घेतला होता. ते पांढरे चेहरे डोळे मिटून कारखान्यातल्या फळीवर ओळीनं बसलेले असत. पार्टी जवळ आली की आई एकेक चेहरा खाली घ्यायची, त्याला व्हॅसलीन चोळायची आणि त्यावर खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या थरावर थर चिकटवायची. वाळल्यावर कवच उचलून घ्यायचं. असा मुखवटा आतून फक्त त्याच माणसाला बसे. दुसऱ्या कुणी चढवला तर नाकाला टोचायचा, नाहीतर हनुवटीवरून घसरायचा. बाहेरून मात्र थर इतके जाड की कोण आत आहे ते ब्रह्मदेवाला कळू नये.

रंगवायचं काम मास्तरांचं, तेही दार लावून, कारण ओळखायची बाजू आईची असे. पाहुणे निजायच्या एका खोलीत एकमेकांचे कोट, शाली, टोप्या अदलाबदल करून घालत, मुखवटे चढवत आणि हॉलमध्ये येत. मुखवट्याआड कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. चहा झाला की आईनं एकेकासमोर उभं राहून तो कोण ते सांगायचं. बरोबर आलं तर त्यानं आपल्या हातानं मुखवटा उतरवायचा, चुकलं तर नुसती मान हलवायची. दुसऱ्यानं कुणाच्या मुखवट्याला हात लावायचा नाही. हा खेळ मुली लहान होत्या तेव्हापासून चालत आलेला.

यंदा मात्र पार्टीचं नाव कुणी काढलं नव्हतं. उन्हाळ्यात मोठी गेली. साधा ताप, आज उतरेल उद्या उतरेल म्हणता म्हणता ती गेली.

२

विषय काढला तो धाकटीनं. जेवताना, ताटात बघत.

"आई, यंदा पण करू या ना पार्टी."

आईनं तिच्या ताटात पोळी वाढली, तिच्याकडे बघितलं मात्र नाही. उन्हाळ्यापासून ती अशीच झाली होती. धाकटीला जेवायला हाक मारायची, तिचे कपडे घडी करून ठेवायची, पण तिच्याकडे बघायची नाही. नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे जायची, जणू तिच्यामागून अजून कुणी यायचं आहे. पोरीला ते कळत होतं. कळून ती गप्प बसत होती, आणि दिवसेंदिवस जास्तच गप्प होत चालली होती.

रात्री भांडी पुसताना मास्तर हळूच म्हणाले, "अगं, एक गेली. त्याला काही इलाज नव्हता. पण दुसरी रोज तुझ्यासमोर बसून जेवते. तिच्याकडे बघ जरा. अशानं हीसुद्धा हातची जायची."

"मी काय करत नाही तिचं?"

"सगळं करतेस. बघत नाहीस."

आईच्या फार वर्मी लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. दुसऱ्या दिवशी ती उठली, कारखान्यात गेली आणि खळ शिजत ठेवली. धाकटीच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत असं हसू कुणी पाहिलं नव्हतं. ती कागदाच्या पट्ट्या फाडून देत आईच्या शेजारी बसली, आणि आईनं मनाशी ठरवलं की या पार्टीत आपण हिचे लाड करायचे. मनापासून ठरवलं हो. त्यात काही खोट नव्हती.

३

पार्टीच्या दिवशी सकाळी मास्तरांनी मुखवटे रंगवून, दोऱ्या ओवून निजायच्या खोलीत नेऊन ठेवले. आई कारखाना आवरायला गेली. काम झालं की प्लास्टरच्या चेहऱ्यांवरचं व्हॅसलीन पुसून ते जागच्या जागी ठेवायचे, ही तिची शिस्त. तिनं मास्तरांचा चेहरा पुसला, आत्याचा पुसला. आत्या म्हणजे मास्तरांची बहीण. तिच्या नवऱ्याचा पुसला, नाटक कंपनीतल्या शिंपीदादांचा पुसला. मग धाकटीचा उचलला, तर त्यावर धूळ. बोट फिरवलं तर बोटाचा माग उमटला.

त्याच्या शेजारी मोठीचा चेहरा तुपात बुडवून काढल्यासारखा चकाकत होता.

आई मटकन स्टुलावर बसली. तिला लगेच कळलं काय झालं ते. दरवर्षी ती मुलींचं काम ठरलेल्या क्रमानं करायची, आधी मोठीचा, मग धाकटीचा. यंदा मुलींपैकी एकीचाच मुखवटा करायचा होता, तेव्हा हातांनी पहिला केला आणि काम झालं म्हणून मोकळे झाले. डोकं कुठे होतं कोण जाणे. सुटलेलं कवच तिनं पेन्सिलीनं "धाकटी" लिहून मास्तरांकडे दिलं होतं.

नवीन करायला वेळ नव्हता, खळ वाळायलाच दिवस जातो. आईनं विचार केला, जाऊ दे, तो तिला बसायचाच नाही. मोठी लहानपणी सायकलवरून पडली होती, तेव्हापासून तिच्या नाकावर एक उंचवटा होता, आणि चेहरा निमुळता, आईच्या वळणाचा. धाकटी मास्तरांवर गेलेली, गाल भरलेले, नाक बसकं. घालून बघेल, टोचला की सांगेल. मग म्हणू, यंदा तू माझ्याबरोबर ओळखायला ये. उलट बरंच होईल.

तिनं निजायच्या खोलीच्या दारावर टकटक केलं.

"धाकटे, मुखवटा घालून बघितलास का गं?"

"बघितला."

"टोचतोय ना नाकाला?"

"नाही."

"हनुवटीला सैल असेल."

"आई, मस्त बसलाय." दाराआडचा आवाज खुशीत होता, आई आपण होऊन विचारतेय याचीच ती खुशी असावी. "आजवरच्या सगळ्यांत छान बसलाय. घातलाय असं वाटतच नाही."

आई दाराशी उभी राहिली. उन्हाळ्यापासून पोर वाळली आहे, तिनं मनाची समजूत घातली, गाल बसले असतील. नाकाचं काय ते तिला सुचेना. मग दाराची बेल वाजली आणि पाहुणे आले.

४

दुपार कलंडली तेव्हा हॉलमध्ये वाघ, घुबड, विदूषक, कोल्हा आणि चंद्र असे पाचजण वावरत होते. टेबलावर केक, बिस्किटं, सँडविच. खिडकीत कागदी कंदील लावले होते, त्यांचा उजेड पडद्यांवर हलत होता. वाघ केकवर असा तुटून पडला होता की मुखवट्याच्या फटीतून आत कमी आणि कोटावर जास्त सांडत होतं. ही आत्या, हे आईला दारातूनच कळलं होतं. कोल्हा मधूनच वाघाच्या कोटावरचे कण झटकत होता, म्हणजे आत्याचा नवरा. घुबडानं येता येता पडद्याची शिवण उलटून पाहिली, ते शिंपीदादा. आईला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

चंद्र खिडकीशी उभा होता. अंगात मास्तरांचा जुना कोट, डोक्याला आत्याचा स्कार्फ. मास्तरांनी चंद्र फिकट पिवळा रंगवून गालावर दोन करडे डाग काढले होते. चंद्रानं टेबलावरून सरबताचा ग्लास उचलला आणि प्यायच्या आधी गालाला लावून गार आहे का ते बघितलं.

ही मोठी, आईच्या मनात आलं.

इतकं सहज आलं की आधी त्यात काही वावगंही वाटलं नाही. दरवर्षी ती मोठीला अशीच ओळखायची. ग्लास असो, चहाचा कप असो, मोठी गालाला लावल्याशिवाय तोंडाला लावायची नाही. मग मोठी आता नाही हे आठवलं आणि तिनं खुर्चीची पाठ धरली.

धाकटी नक्कल करतेय. दुसरं काय असणार. बहिणीबरोबर जन्म काढला तिनं, लकबी ठाऊक असणारच. कदाचित आईला बरं वाटावं म्हणून करत असेल, पोरीचा जीव. पण कागदाच्या मुखवट्यावर ग्लास धरून गार काय नि गरम काय, कळणार कसं, असा एक वेडा प्रश्न आईच्या डोक्यात घोळत राहिला.

तिनं चंद्राचे हात नीट पाहिले. कुरतडलेली नखं, मनगटावर इस्त्रीच्या चटक्याची खूण. धाकटीचेच हात. आईला धीर आला. धीराबरोबर थोडं वाईटही वाटलं, आणि का वाटलं ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

५

आई सोफ्यावर बसली तशी चंद्र येऊन तिच्या पायाशी बसला, गुडघ्याला पाठ टेकून. मग न बघता मागे हात करून त्यानं आईचा हात ओढून घेतला आणि एकेक बोट मोडायला सुरुवात केली.

खळीत दिवसभर काम करून आईची बोटं आखडायची. संध्याकाळी मोठी अशीच पायाशी बसून ती मोडून द्यायची, करंगळीपासून सुरू करून, आणि अंगठ्याला थोडं थांबून. धाकटीला तो कडकड आवाज सहन व्हायचा नाही, ती कानात बोटं घालून खोलीबाहेर पळायची. आता बोटं कडकड वाजत होती आणि चंद्र शांतपणे पुढच्या बोटाकडे जात होता. अंगठ्यापाशी तो थांबला.

आईच्या डोळ्यांना धार लागली. समोर वाघ आणि विदूषक आचरटपणा करून नाचत होते, कोल्हा टाळ्या वाजवत होता, कुणाचं इकडे लक्ष नव्हतं. तिनं दुसरा हातही पुढे केला. चंद्रानं तोही घेतला.

तो हात अर्ध्यावर आला आणि चंद्र एकदम थांबला. त्याचे हात आपल्या डोक्यामागे गेले, स्कार्फखाली शिरले आणि दोरीची गाठ चाचपू लागले. गाठ सापडत नव्हती, किंवा सापडून सुटत नव्हती. मुखवट्याच्या आत श्वास जोरजोरात चालल्याचा आवाज आईला ऐकू येत होता, कोंडल्यासारखा. चंद्र मान वर करून तिच्याकडे बघत होता. डोळ्यांच्या भोकांत अंधार होता, पण बघत होता हे नक्की. खेळाच्या नियमानं बोलायची बंदी, आणि धाकटी नियम मोडणाऱ्यातली नव्हती. ती फक्त आईकडे बघत राहिली.

पोरीला गुदमरतंय, आईला कळलं. स्वच्छ कळलं. गाठ सोडायला कितीसा वेळ लागणार होता. पण बोटांत अजून ती ऊब होती, दुसऱ्या हाताची दोन बोटं मोडायची राहिली होती, आणि मुखवटा उतरला की हे सगळं संपणार होतं. परत धाकटीचा चेहरा, परत रिकामं घर.

"थांब गं," आई हळूच म्हणाली. "अजून जरा. चहा तर होऊ दे."

चंद्राचे हात तसेच हवेत राहिले. मग खाली आले. आतला श्वास हळूहळू संथ झाला, इतका संथ की पुढे तो ऐकूच येईना. मग त्यानं आईचा हात पुन्हा मांडीवर घेतला आणि उरलेली बोटं मोडली.

आईला हायसं वाटलं. हायसंच वाटलं, उगाच कशाला झाकायचं.

६

चहा झाला. बाहेर दिवेलागण झाली होती, रस्त्यावरून कुणाची तरी मुलं हसत गेली. आई ओळखायला उठली.

"वाघोबा, कोटाची धुलाई कोण करणार? वन्सं, काढा मुखवटा."

आत्यानं मुखवटा काढला आणि घाम पुसत म्हणाली, "वहिनी, तुम्ही ना डोळ्यांत तेल घालून बसता."

कोल्हा, घुबड, सगळे पटापट ओळखले गेले. विदूषकापुढे आई म्हणाली, "अहो, तुमच्या बोटांना पिवळा रंग आहे," आणि मास्तर मुखवटा काढून लाजल्यासारखे हसले. बायको पुन्हा माणसांत आली म्हणून ते हरखले होते. चंद्र सोफ्याशी तसाच बसून होता.

आई त्याच्यासमोर गेली. आता उरलीच होती एक, यात ओळखायचं काय.

"धाकटी," ती म्हणाली.

चंद्रानं मान हलवली. नाही.

आत्या खो खो हसली. "पोरगी कसली आत्यावर गेली आहे बघा. वहिनी, हरलात."

"धाकटे, पुरे आता," मास्तर म्हणाले. "काढ, चेहऱ्याला हवा लागू दे."

चंद्रानं मास्तरांकडे पाहिलं, आणि पुन्हा मान हलवली. त्यात चेष्टा अजिबात नव्हती. चुकीच्या घराचं दार वाजवणाऱ्याला आपण सांगतो ना, तसं समजावून सांगितल्यासारखं ते होतं. आत्याचं हसू ओसरलं. शिंपीदादा उगाच कपबशा गोळा करू लागले.

आई गुडघ्यांवर बसली. नियम गेला खड्ड्यात, म्हणून तिनं दोन्ही हात चंद्राच्या कानांपाशी नेले. प्रत्येक मुखवट्याची कड ती स्वतः ब्लेडनं कापायची, कानापासून बोटभर आत. ती कड हाताला लागेल, तिथून उचलता येईल. तिचं बोट पिवळ्या गालावरून मागे सरकत गेलं, सरकत कानापर्यंत गेलं, कानामागच्या केसांत शिरलं. कड लागली नाही. पुन्हा कपाळावरून आणलं. कागदाचा खरखरीतपणा कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते ते तिच्या बोटाला समजेना, आणि सगळा जन्म त्या बोटांनी हेच काम केलं होतं.

"अगं, काय झालं?" मास्तरांचा आवाज चिरकला. "श्वास घेतेय ना ती?"

आईनं कान लावला. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. आता एकच उत्तर उरलं होतं, आणि ते दिल्याशिवाय मुखवटा उतरणार नाही हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पोरीला सोडवायला हवं म्हणून मी हे बोलतेय, असं ती स्वतःला बजावत होती. तिनं तोंड चंद्राच्या कानाशी नेलं. उन्हाळ्यापासून जी हाक तिनं तोंडातून काढली नव्हती, ती तिनं मारली.

"मोठे."

७

चंद्राचे हात मागे गेले आणि गाठ पहिल्याच झटक्यात सुटली. मुखवटा खाली आला.

आत धाकटीच होती. भरलेले गाल, बसकं नाक, भुवईजवळचा तीळ. घामानं केस कपाळाला चिकटले होते आणि नाकाच्या मधोमध, मुखवटा दाबून बसतो तिथे, एक लाल वळ उठला होता. आत्यानं सुस्कारा सोडला. "काय गं हे, जीव खालीवर केलास आमचा." मास्तर खुर्चीत बसले.

पोरगी मात्र कुणाकडे बघत नव्हती. ती सावकाश हॉल न्याहाळत होती, लांबच्या प्रवासाहून आलेलं माणूस न्याहाळतं तशी. तिची नजर खिडकीपाशी थांबली.

"पडदे कधी बदललेत?" तिनं विचारलं.

ते पडदे मोठी गेल्यावर, पावसाळ्यात बदलले होते. आईनं आणि धाकटीनं मिळून ते लावले होते, धाकटीनंच स्टूल धरलं होतं.

मग ती आईकडे वळली आणि हसली. ओठ धाकटीचे होते, पण धाकटी अशी एका बाजूनं कधी हसली नव्हती. आईच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे, निजायच्या खोलीच्या दाराकडे तिनं पाहिलं. कपाळाला आठी पडली.

"आई, धाकटी कुठाय?"

मग मास्तर उठले आणि हाका मारू लागले. "धाकटे, ए धाकटे." समोर बसलेल्या पोरीचे खांदे धरून ते तिच्या तोंडाकडे बघून हाका मारत होते, आणि ती बावरून म्हणत होती, "बाबा, असं काय करताय? मी आहे ना." आत्या भिंतीला टेकून रडायला लागली.

आईनं मास्तरांचे हात बाजूला केले. पोरीला ओढून छातीशी घेतलं. तिच्या केसांत तोंड खुपसून ती "आलीस गं, आलीस" एवढंच म्हणत राहिली. हे मास्तरांनी पाहिलं आणि ते हाका मारायचे थांबले. त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं, आणि पुन्हा बघवलं नाही.

कारण आईला आधी आनंद झाला होता. धाकटी तिला त्यानंतर आठवली.